झालेली किती, हयात किती

१० जानेवारी १९८३, सोमवार

डोकं दुखतं म्हणून गेले होते. परत आले ती दुप्पट दुखवून घेऊन!

एवढे प्रश्न! भय्याजी डॉक्टर होते तेव्हा कसं होतं — बाकावर बसायचं, पाळी आली की जीभ दाखवायची, कागदाची पट्टी चिकटवलेल्या बाटलीतून लाल औषध घ्यायचं आणि घरी यायचं. इतक्या वर्षांत त्यांनी मला कधी नावसुद्धा विचारलं नाही. "काय बाई, पोट्टे तरास देतात का शाळेत?" एवढंच. आता म्हातारपणी ते मुलाकडे नागपूरला गेले आणि त्यांच्या खोलीत हा नवा येऊन बसला. ईश्वर पटले. तुमसरकडचा आहे म्हणतात. मिशी आहे की नाही ते जवळ जाऊन पाहावं लागतं. कंपाउंडर तेवढा जुनाच राहिला, डोमा.

डोमा म्हणतो, "नवीन पेशंटचं कार्ड बनवा लागते बाई. सायबाचा नियम हाय."

मी नवीन? अरे, तू इथं पुड्या बांधायला शिकलास तो माझ्यासमोर!

"डॉक्टर नवीन, त पेशंटबी नवीन," म्हणे. दात काढून हसला.

माझ्या शेजारची बाई नवऱ्याचं नाव घ्यायला लाजत होती. डोमा एकेक नाव घेऊन पाहत होता आणि ती पदराआडून मान हलवत होती. मी ठणकावून सांगितलं — शकुंतला यादोराव नंदागवळी, शिक्षिका, एकोडी. झालं? नाही झालं. आत गेल्यावर डॉक्टरने पुन्हा सुरू केलं. वय काय? माहेर कोणतं? माहेरचं आडनाव? यादोरावांचं मूळ गाव? पहिली नोकरी कुठे? आईवडील कशाने गेले? भाऊ-बहिणी किती? आणि मग —

"मुलं किती?"

"एक. मुलगी."

"झालेली किती, हयात किती?"

हा काय प्रश्न झाला? अशी कोणी मोजणी करतं का?

"एकच झाली. एकच आहे," मी म्हणाले.

त्याचा पेन थांबला. त्याने माझ्याकडे पाहिलं. मीही त्याच्याकडे पाहिलं. वर्गातली साठ पोरं माझ्या नजरेला घाबरतात, हा कोण!

मग दंडाला पट्टा बांधून रक्तदाब पाहिला. तेवढ्यावर थांबावं ना? बोटाला सुई टोचली, थेंब काचेवर घेतला आणि ती काच सूक्ष्मदर्शक दुर्बिणीखाली ठेवली. भय्याजींचा पानाचा डबा असायचा, तिथं आता ती दुर्बीण. "हे कशाला?" म्हटलं. "सगळ्याच नवीन पेशंटचं पाहतो बाई." दुखतं डोकं, आणि हा पाहतो बोटात!

गोळ्या दिल्या आहेत. मीठ कमी करा म्हणाला. गोळ्या मी घेणार नाही.

१२ जानेवारी

घेतल्या. डोकं थांबलं. तरी माणूस बरोबर नाही.

१४ जानेवारी

रात्री जेवताना यांना म्हटलं, माहेर, आडनाव, मूळ गाव — ही सगळी जात काढायची जुनी पद्धत आहे. सरळ विचारायची हिंमत नाही, म्हणून गोल गोल फिरतात. मी तर त्याला तोंडावर म्हणाले होते, "बौद्ध. लिहून घ्या." तर काय म्हणाला? "तो रकाना नाही बाई याच्यात."

हे हसले. "मंग जात काढाले रकाना कायले नाही ठेवला त्यानं?"

यांना सगळं सोपं वाटतं. पंचायत समितीत दिवसभर कागद सरकवणाऱ्या माणसाला वाटणारच. मी म्हणते, रकाना नाही हीच तर हुशारी!

आणि ते 'मुलं किती'? शहात्तर साली हा प्रश्न कोण कुणाला आणि कशासाठी विचारत होतं, ते आम्हा मास्तर लोकांना कोणी शिकवू नये. उन्हातान्हात दारोदार फिरलो आहोत आम्ही तोच प्रश्न घेऊन, नसबंदीच्या केसेस गोळा करत. पण सरकार बदललं, ते दिवस गेले. आणि माझं वय काय, मला असलं विचारून याला मिळणार काय?

मग हा का विचारतो?

१६ जानेवारी

शेजारच्या मंदाबाईंना गळू झालं होतं, तेही यानेच कापलं. सहज म्हणून विचारलं, तुम्हाला किती प्रश्न केले हो? "मले त काही नाही इचारलं बा! बस म्हने, दाखव म्हने, कापलं."

म्हणजे फक्त मलाच!

२३ जानेवारी, रविवार

आता मला कळलं.

दुपारी पोपटाच्या, म्हणजे वालाच्या, शेंगा आणायला बाजारात निघाले होते. दवाखान्यासमोरून जाते तर दारातून कोण बाहेर पडावं? पार्वताबाई सुखदेवे! साकोलीच्या. धम्मपालची आई!

हे असं लिहून ठेवते, म्हणजे मलाच नीट दिसेल. दिवाळीनंतर आमच्या गावच्या मंडईच्या जत्रेत हे सुखदेवे लोक पाहुणे म्हणून आले होते. दंडारीचा खेळ पाहायला आले आणि आमची विशाखा पाहून गेले. मुलगा जवाहरनगरच्या फॅक्टरीत नोकरीला. उंच, अबोल, निर्व्यसनी. विशाखाला आवडला आहे. तोंडाने म्हणाली नाही, पण त्या दिवसापासून आरशासमोरून हलत नाही. त्यांना मुलगी पसंत. निरोप आला — "थोडी विचारपूस करून कळवतो."

विचारपूस! आणि हीच बाई गाडीचं तिकीट काढून, साकोलीचे सगळे डॉक्टर सोडून, आमच्या एकोडीच्या दवाखान्यात येते. साकोलीत डॉक्टर कमी पडले काय? डॉक्टर स्वतः तिला दारापर्यंत सोडायला आला होता. "मावशी, पुढच्या वेळी नक्की घेऊन या," म्हणत होता. मावशी!

मला पाहताच पार्वताबाई दचकल्या. चोरी पकडल्यासारखा चेहरा. "जराशी खोकली हाय," म्हणाल्या. मी म्हटलं, घरी चला, चहा घेऊ. गाडीची वेळ झाली म्हणून सटकल्या. गाडीला अजून चांगला वेळ होता.

म्हणून माहेर. म्हणून मूळ गाव. म्हणून 'झालेली किती'! पुऱ्या घराण्याची कुंडली काढून घेतली माझ्याच तोंडून, आणि मी शिकलेली बाई, घडाघडा सांगत सुटले. बरं झालं एक गोष्ट सांगितली नाही.

२६ जानेवारी

झेंडावंदनाला सरपंचांनी डॉक्टरला पाहुणा म्हणून बोलावलं. पोरांना नखं कापण्यावर भाषण दिलं. बरं बोलला. पण नंतर बुंदी वाटताना सगळ्यांच्या देखत माझ्याजवळ आला आणि म्हणतो, "बाई, एकदा दवाखान्यात येऊन जा. मुलीलाही सोबत आणा."

मुलीला! लग्नाच्या मुलीला दवाखान्यात बोलावतो, आणि तेही चारचौघांत! हेडमास्तर कान टवकारून उभे. मी म्हटलं, "माझी मुलगी ठणठणीत आहे." आवाज जरा मोठा झाला. होऊ दे.

२९ जानेवारी

एकटीच गेले. विशाखाला नेण्याचा प्रश्नच नाही. म्हटलं, समोरासमोर विचारू तुझं काय चाललंय ते.

त्याने डोमाला बाहेर पाठवलं. दार लोटलं. हळू आवाजात म्हणाला, "बाई, तुमच्या रक्तात मला एक दोष दिसला. घाबरू नका, तुम्हाला त्याने काही होणार नाही. आमच्या लोकांत आहे, तुमच्या लोकांत आहे, या भागात खूप घरांत आहे. पण मला नीट सांगा. तुमच्या घरी कधी असं लेकरू होतं का? तान्हं असताना हात-पाय सुजायचे? थंडीत सांधे ठणकायचे, रडून रडून जीव जायचा? डोळे पिवळे?"

माझ्या हातातली पिशवी खाली पडली.

टम्म फुगलेले हात असायचे त्याचे. पुरीसारखे. निरगुडीचा पाला ऊन करून मी शेकत बसायची. डोळे हळदीसारखे. हा तिथं असल्यासारखं सांगत होता! बपेऱ्याच्या त्या खोलीत माझ्याशेजारी बसून पाहिल्यासारखं!

"नाही," म्हणाले. "आमच्याकडे असं कोणी नव्हतं."

"बाई —"

"नाही म्हटलं ना!"

पिशवी उचलली आणि आले.

३० जानेवारी

कोणी सांगितलं याला?

३ फेब्रुवारी

बपेरा इथून लांब, तुमसरच्या पलीकडे. तिथली माझी पहिली नोकरी. तो तिथंच झाला, तिथंच गेला. सहा वर्षांचा होता. विशाखा तेव्हा रांगत होती, तिला काही आठवत नाही. बदली मागून इकडे आलो ते याचसाठी — तिथल्या बायका माझ्याकडे बोट दाखवत. म्हणे आईच्या दुधातच दोष. सासूबाई म्हणत, आमच्या घरात असं कधी नव्हतं, हे हिच्याकडून आलं. इकडे आल्यावर ठरवलं, हा विषय नाही. विशाखालाही सांगितलं नाही. वाताने लेकरू गेलेलं घर म्हटल्यावर मुलीला कोण करून घेतो? त्याचं नाव मी या वहीतही कधी लिहिलं नाही, आजही लिहीत नाही.

इथं ही गोष्ट दोघांनाच माहीत. मी आणि हे.

मी सांगितलेली नाही.

४ फेब्रुवारी

यांच्याशी भांडले. नको ते बोलले. तुम्हीच सांगितलं, पंचायत समितीत त्या तुमसरकडच्या लोकांत बसता, तिथं बोललात! यांनी आधी हातातले कागद खाली ठेवले. मग म्हणाले, "मी काहून सांगू? मी त तुह्याजवळबी कधी बोललो नाही त्याचं. तू बोलू देल्लं का मले?"

आणि बाहेर छपरीत जाऊन बसले. जेवायला उठले नाहीत. विशाखा विचारत होती, बाबांना काय झालं? पोट बिघडलं म्हणून सांगितलं.

८ फेब्रुवारी

डोमाला शाळेजवळ गाठलं. सरळ म्हटलं, साकोलीची ती बाई तुमच्या डॉक्टरची कोण लागते?

"कोनी नाही बाई. थो सगळ्याच बाईमानसाले मावशी मनते. माह्या बायकोलेबी मनते!"

मग ती इतक्या लांब कशाला येते?

डोमा डोकं खाजवत राहिला. म्हणाला, "मले काय माहीत? पन तिनंबी मले असंच इचारलं."

काय विचारलं?

"हेच. डॉक्टर नंदागवळी बाईचा कोनी लागते का? बाईच्या घरी जाते-येते का?"

बघा! मुळापर्यंत पोचलेली बाई आहे. डॉक्टर आमच्या घरी येतो का, म्हणजे त्याला आमच्या घरातलं किती ठाऊक असेल, याचा अंदाज घेते! मला तिची धास्तीच बसली. अशी सासू माझ्या विशाखाच्या नशिबी?

१३ फेब्रुवारी, रविवार

होकार आला!

मुलाचे वडील आणि मामा स्वतः आले. पोहे खाल्ले, लाखोरीच्या डाळीच्या वड्यांची भाजी मागून घेतली. साक्षगंध सहा मार्चला, लग्न बुद्ध पौर्णिमेच्या आसपास. हुंडा नको म्हणाले, साधं लग्न करू, पंचशील घेऊ. विशाखा आत भिंतीला टेकून उभी होती, तिचे कान लाल झाले होते.

पार्वताबाई मात्र आल्या नाहीत. "तब्बेत बरी नाही," म्हणे. बाई पोराच्या सोयरिकीला येत नाही म्हणजे काय समजायचं? मनातून कबूल नसणार. की आणखी काही शोधून काढायचं शिल्लक आहे?

तरी होकार आला. माझं तोंड बंद राहिलं म्हणून आला. बरोबरच केलं मी.

१६ फेब्रुवारी

आज डॉक्टर घरी आला. सायकल फाटकाला टेकवली आणि सरळ छपरीत.

हे घरी होते. विशाखा शिवणाच्या वर्गाला गेली होती, हे एक बरं. मी चहा ठेवला नाही. हे माझ्याकडे पाहत होते की ठेव, मी जागची हलले नाही.

डॉक्टर खाटेच्या काठावर बसला. म्हणाला, "साक्षगंध ठरला म्हणून गावात ऐकलं. अभिनंदन. त्याच्या आधी विशाखाचं रक्त एकदा पाहू द्या. आणि मुलाचंही पाहून घ्या."

"मुलाचं तुम्ही पाहा. त्याच्या आईची तुमची चांगली ओळख आहे," मी म्हणाले.

त्याचा चेहरा उतरला. मग म्हणाला, "बाई, एका घरचं दुसऱ्या घरी मी सांगू शकत नाही. मेलो तरी सांगणार नाही. म्हणून तुम्हाला तुमच्याच घरचं विचारतो."

"आमच्या घरी कोणाला काही नाही. मी धडधाकट आहे. हे आहेत. मुलगी आहे."

"तेच तर सांगून राहिलो! मायबाप दोघंही धडधाकट असतात. दोघांच्या रक्तात अर्धा अर्धा दोष असतो, तो दिसत नाही, दुखत नाही. अर्धा विशाखाकडे असला तरी तिला काही होत नाही. पण दोन अर्धे एका घरात आले, तर लेकराला पूर्ण होऊ शकतो. एखाद्याला होतो, एखादं सुटतं."

मी उठून उभी राहिले. याचा अर्थ तुम्ही आता जा, हे कोणालाही कळतं. तो गेला. हे त्याच्या मागे फाटकापर्यंत गेले आणि बराच वेळ तिथंच उभे राहिले.

१७ फेब्रुवारी

सोयरीक मोडायला निघालाय हा. कोणाच्या सांगण्यावरून, ते उघड आहे.

२० फेब्रुवारी, रविवार

घरामागच्या सांदवाडीत बसून शेंगा सोलत होतो. मी आणि हे. भांडणानंतर असे पहिल्यांदाच शेजारी बसलो. हे खाली पाहतच म्हणाले, "आपन दोघंबी ठणठणीतच होतो ना, तवा?"

मी पुढची शेंग उचलली.

"माय मने तुह्याकडून आलं. तू मनत नव्हती, पन तुह्या मनात होतं का माह्याकडून आलं. मले माहीत हाय. डॉक्टर मनते दोघाईकडून आलं."

माझ्या हातातली शेंग तशीच राहिली. इतकी वर्षं! मी या माणसाच्या घराण्याला मनातल्या मनात दोष देत यांच्यासोबत संसार केला. यांना ते ठाऊक होतं आणि हे एक अक्षर बोलले नाहीत. मी रडले. विशाखा घरात होती तरी रडले. हेही रडले. शेंगांची टोपली सांडली.

नंतर डोकं जरा शांत झालं तेव्हा डॉक्टरचं बोलणं पुन्हा पुन्हा आठवलं. कोणी बपेऱ्याहून येऊन त्याला सांगितलं नाही. त्याने रक्तात पाहिलं. असं लेकरू तो दुसऱ्या घरांतही पाहून बसला असेल. 'एका घरचं दुसऱ्या घरी सांगू शकत नाही.' म्हणजे सांगण्यासारखं काहीतरी आहे! 'पुढच्या वेळी नक्की घेऊन या' — कोणाला? औषधाच्या बाटलीला म्हणाला नसेल. पोराला?

पार्वताबाई तिथं विचारपूस करायला येत नव्हत्या तर?

की येत होत्या? मला अजून खात्री नाही. पण मी शोधून काढीन. तिला सरळ विचारलं तर ती खोकला म्हणेल. आपलं सांगितल्याशिवाय तिचं निघणार नाही.

२२ फेब्रुवारी

साकोलीला गेले. साडीचा रंग विचारायचं निमित्त केलं.

पार्वताबाई घरी एकट्याच होत्या. घर स्वच्छ, चुलीजवळ सारवलेलं, भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो, त्याला ताजा हार. मी पाणी प्यायले आणि म्हणून टाकलं. गाडीत किती घोकलं होतं, सगळं विसरले. "मला एक मुलगा होता. विशाखाच्या आधीचा. वाताने गेला. हातपाय सुजायचे. तुमच्यापासून लपवलं. डॉक्टर म्हणतो विशाखाच्या रक्तात ते असू शकतं. तुम्ही धम्मपालचं पाहून घ्या."

मी त्यांच्या तोंडाकडे पाहत होते. एकेक रेघ पाहत होते. त्या नुसत्या बसून होत्या. हात मांडीवर. चुलीवर चहा उतू गेला तरी उठल्या नाहीत.

मग म्हणाल्या, "चहा घ्या."

एवढंच! तो अर्धा सांडलेला चहा मी प्यायले आणि आले. साडीचा रंगसुद्धा ठरला नाही. माझं सगळं देऊन बसले आणि तिच्याकडून काही निघालं नाही. आता हे साकोलीभर होईल.

२३ फेब्रुवारी

विशाखाला सांगितलं. सुखदेव्यांना सांगितलं म्हणजे तिला बाहेरून कळणार, त्यापेक्षा मी सांगितलेलं बरं.

मला वाटलं सोयरिकीची भीती घेऊन रडेल. ती म्हणाली, "मले भाऊ होता? अन् तू मले सांगतलंच नाही?"

तेच धरून बसली. कसा दिसायचा, मला उचलून घ्यायचा का, मी त्याला काय म्हणायची. दादा म्हणायचीस, मी सांगितलं. 'दा' म्हणायचीस. तेवढंच येत होतं तुला.

ती उठून आत गेली. दिवसभर माझ्याशी बोलली नाही.

२५ फेब्रुवारी

विशाखा मला न विचारता दवाखान्यात गेली. नवीन पेशंटचं कार्ड केलं, रक्त दिलं. घरी येऊन बापाला सांगितलं, मला नाही. तिचंही माझ्यासारखंच आहे. अर्धं.

डॉक्टरने तिला समजावून सांगितलं, तुला काही होणार नाही, लग्न करायला हरकत नाही, फक्त मुलाचं रक्त चांगलं पाहिजे. ती हे सगळं अगदी शांतपणे सांगत होती. मी दाराआडून ऐकत होते, माझ्याच घरात!

१ मार्च

सुखदेव्यांचा निरोप. पंचायत समितीत यांच्याकडे माणूस आला होता. "साक्षगंध थांबवा." कारण काही नाही.

खरं बोलून हे मिळालं! मी तोंड बंद ठेवलं असतं तर रविवारी माझ्या दारात मांडव असता. विशाखाने तिची नवी साडी घडी करून पेटीत तळाशी ठेवली. तिने एक शब्द काढला नाही. ती शब्द काढत नाही हेच मला सहन होत नाही.

पार्वताबाईचं तोंडही पाहायचं नाही मला. निदान म्हणायचं होतं काहीतरी. माणूस तोंडावर नाही म्हणतो. चहा घ्या म्हणे!

२ मार्च

आज मंदाबाई म्हणाल्या, "डॉक्टरनं मलेबी इचारलं होतं बा, झालेले किती, हयात किती. मी इसरलीच होती." आता आठवतंय यांना!

५ मार्च, शनिवार

सकाळच्या गाडीने पार्वताबाई आल्या. एकट्या. अंगणातच उभ्या राहिल्या, वर चला म्हटलं तरी आल्या नाहीत. म्हणाल्या, "बाई, तुमच्या घराले नाव ठेवून नाही थांबवलं. तुमी गेल्या अन् मी धम्मपालले घेऊन गेली डॉक्टरकडे. त्याच्याबी रक्तात निंगालं." मग पदर तोंडाला लावला. "मले एक पोरगी होती. तिचेबी हात तसेच सुजत. खोकलीच्या निमितानं तुमची इचारपूस कराले आली, त डॉक्टरनं माह्यंच रक्त पाहून इचारलं, अन् मी नाही म्हटलं. मले वाटलं, थो तुमचा मानूस हाय."

माझा माणूस!

मग विशाखाच चहा घेऊन बाहेर आली. तो घेतला आणि दोघी दवाखान्यात गेलो. डोमा म्हणाला, "बाई, तुमचं कार्ड त हाय ना." म्हटलं, फाड ते, नवीन कर.

डॉक्टरने पेन उघडला.

"झालेली किती?"

"दोन."

"हयात?"

"एक. मोठा गेला. सुगत."